विश्लेषण : डीजेच्या दणदणाटात स्वमग्न मुलांचं काय होतं?

अहिल्यानगरमध्ये विसर्जन मिरवणुकीत पहिला मान माळीवाड्याच्या विशाल गणपतीचा. मागून येणाऱ्या मंडळांच्या डीजेवरून वाद होतो, तेव्हा वृद्ध आणि हृदयरुग्णांची आठवण निघते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांची क्वचितच.

हा हट्ट असतो का?

ऑटिझममध्ये मेंदू आवाज, प्रकाश, स्पर्श वेगळ्या तीव्रतेने घेतो. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांतही ही बाब आहे. सवयीने आपल्या कानाआड होणारा आवाज यातल्या अनेक मुलांच्या कानाआड होत नाही, तो साचत जातो. मग मूल कान दाबतं, किंचाळतं, पळत सुटतं, स्वतःला चावतं. हट्ट करणाऱ्याला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो थांबतो. इथे खेळणं किंवा खाऊ देऊन उपयोग नसतो, आणि रागावणं म्हणजे आणखी एक आवाज. हात फडफडवणं, पुढे-मागे डोलणं ही स्वतःला सावरण्याची धडपड असते. ‘वाईट सवय’ म्हणून ती रोखू नये. किशोरवयीन मुलं चारचौघांत कसंबसं निभावतात आणि घरी येऊन कोसळतात.

सगळ्यांनाच आवाज नकोसा असतो असंही नाही. काही मुलं उलट स्पीकरला जाऊन चिकटतात! कानांना धोका त्यांच्याही असतोच.

नियम पुरेसे आहेत का?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. अंमलबजावणीची रड जुनीच आहे, पण खरी गोम मोजमापात आहे. नियमातली डेसिबलची पद्धत खालच्या पट्टीतल्या आवाजाला कमी वजन देते आणि डीजेचा ‘बेस’ नेमका त्याच पट्टीतला. तो छातीत धडधडतो, खिडकीच्या काचा हलवतो. हेडफोनने कान झाकले तरी अंगाला जाणवतोच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे आणि वाजवी सोयी मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्यातली एक सोय जवळजवळ फुकटात होण्यासारखी. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ पोलिसांकडे असतेच. कुठला डीजे कोणत्या गल्लीतून साधारण किती वाजता जाणार, हे आठवडाभर आधी जाहीर झालं, तर पालक मुलाला चित्रं दाखवून तयार करू शकतील, नाहीतर त्या संध्याकाळपुरतं मामाच्या गावी नेतील.