संधाय संभाषा आणि करारातील शेवटचे कलम

एखाद्या औषधनिर्मात्याची वितरकता घेताना सवलत किती, उधारी किती दिवसांची, मुदत संपलेला माल परत घेतला जाईल की नाही, याची चौकशी आपले वैद्यबंधू बारकाईने करतात. मात्र कराराच्या अखेरीस बारीक अक्षरांत छापलेले वादनिवारणाचे कलम सहसा कोणी वाचत नाही. वस्तुतः संबंध बिघडल्यानंतर उरलेल्या साऱ्या कलमांचे भवितव्य त्या एकाच कलमावर अवलंबून असते. दाद कोणत्या गावी मागायची, कोणापुढे मागायची आणि कोणाच्या खर्चाने मागायची, हे तेच ठरवते. म्हणून ते केवळ वकिलांनी पाहावयाचे कलम नसून व्यावसायिक नीतीचा विषय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विचार आपल्या शास्त्राला परका नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, संभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. सामोपचाराने होणारी ती संधाय संभाषा, जिंकण्याच्या ईर्षेने होणारी ती विगृह्य संभाषा. वादापूर्वी प्रतिपक्ष आपल्याहून श्रेष्ठ, कनिष्ठ की समान आहे हे पाहावे आणि परिषद सुहृद, उदासीन की प्रतिनिविष्ट आहे हेही पारखावे, असे आचार्य सांगतात. आधीच एका बाजूला झुकलेल्या परिषदेत कोणाशीही वाद करू नये, हा त्यांचा उपदेश आजच्या कोणत्याही करारास लागू पडतो.

अधिकाराचा प्रश्न

गुल्मचिकित्सेत पक्वावस्था आली की पुढील क्रियेचा अधिकार धान्वंतर संप्रदायाचा, असे चरकाचार्यांनी मोकळेपणाने म्हटले आहे. न्यायालयांचेही तसेच आहे. न्यायाधीश कितीही विद्वान असले तरी अधिकारक्षेत्र नसेल तर त्या न्यायालयास तो वाद चालवता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 नुसार, सर्वसाधारणपणे प्रतिवादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, अथवा वादाचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले तेथे दावा दाखल करता येतो. जागेच्या मालकीचा वाद मात्र जागा जेथे आहे तेथेच चालतो.

समजा, नाशिकच्या एका वैद्याने दिल्लीच्या निर्मात्याकडून साडेचार लाख रुपयांचा माल घेतला आणि त्यातील आसवारिष्टे सदोष निघाली. माल नाशिकला पोहोचला, पैसे नाशिकहून गेले. म्हणजे एरवी नाशिकच्या न्यायालयातही दाद मागता आली असती. परंतु करारात दिल्लीच्या न्यायालयांचाच अधिकार मान्य केलेला असेल, तर वैद्यास दिल्लीच गाठावी लागेल. ‘केवळ’ हा शब्द लिहिलेला नसला तरी उभयतांचा हेतू तसाच मानता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली स्वस्तिक गॅसेस प्रकरणात म्हटले आहे. मात्र कायद्याने ज्या न्यायालयास मुळात अधिकार नाही, त्यास पक्षकार आपसांतील कराराने तो देऊ शकत नाहीत, हे तत्त्व 1971 पासून दृढ आहे. निर्मात्याचे कार्यालय दिल्लीत नसेल आणि व्यवहाराचा कोणताही भाग तेथे घडला नसेल, तर ते कलम निरुपयोगी ठरते.

आणखी एक गैरसमज येथे दूर व्हावा. पुनर्विक्रीसाठी औषधे घेणारा वैद्य त्या व्यवहारापुरता ‘ग्राहक’ ठरत नाही. त्यास ग्राहक आयोगाचे दार उघडत नाही.

सामोपचाराचे मार्ग

अशा वादांत न्यायालयाखेरीज अन्य मार्गही उपलब्ध आहेत. 3 लाख रुपये वा अधिक मूल्याच्या वाणिज्यिक वादात, तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर, दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अवलंबणे 2018 च्या दुरुस्तीने आवश्यक केले आहे. ही अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट केले. लहान रकमेच्या वादात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दाव्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. आपल्यापैकी जे स्वतः लघुउद्योग म्हणून नोंदणी करून औषधे बनवतात, त्यांची बिले थकली तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार आहे. त्यानुसार 45 दिवसांपलीकडे थकलेल्या रकमेवर चक्रवाढ व्याज मिळते आणि पुरवठादाराच्याच क्षेत्रातील परिषदेकडे दाद मागता येते.

लवादाबाबत मात्र सावधगिरी हवी. लवाद म्हणजे समेट नव्हे. लवादाचा निर्णय बंधनकारक असतो आणि 1996 च्या कायद्याच्या कलम 34 अन्वये तो मोजक्याच कारणांनी रद्द होऊ शकतो. ‘लवाद कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील’ अशी वाक्ये अजूनही करारांत आढळतात. 2015 च्या दुरुस्तीनुसार पक्षकाराचा नोकर वा सल्लागार लवाद होण्यास अपात्र आहे. वादाच्या निकालात हितसंबंध असलेल्या व्यक्तीने एकट्याने लवाद नेमणेही सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली अमान्य केले. हीच ती प्रतिनिविष्ट परिषद. सही करण्यापूर्वीच ते कलम बदलून मागण्याचा संकोच वैद्यांनी का करावा?

रुग्ण आणि आपण

येथवर आपण दुर्बल पक्ष होतो. परंतु पंचकर्माच्या चौदा वा एकवीस दिवसांच्या योजनेची रक्कम आगाऊ घेणाऱ्या चिकित्सालयात पारडे उलट असते. आगाऊ रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, सर्व वाद अमुकच शहराच्या न्यायालयात चालतील, लवाद चिकित्सालय नेमेल, अशी छापील वाक्ये काही व्यवसायबंधूंच्या पत्रकांवर दिसतात. ज्या अटींबद्दल कंपन्यांना दोष द्यायचा, त्याच रुग्णाच्या गळ्यात बांधायच्या, हा न्याय नव्हे.

शिवाय त्या अटींचा उपयोगही नाही. मोबदला घेऊन केलेली चिकित्सा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः जेथे राहतो वा नोकरी-व्यवसाय करतो तेथील आयोगाकडे जाऊ शकतो. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगास अधिकार आहे. लवादाच्या कलमाने ग्राहकाचा हा मार्ग बंद होत नाही, असा 2018 चा निर्णय आहे. उलट ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय बदल घडवणारा एकतर्फी करार ‘अन्याय्य करार’ म्हणून राज्य आयोगापुढे आव्हानास पात्र ठरतो.

सामोपचारालाही मर्यादा आहेत, हे विसरता कामा नये. चिकित्सेतील निष्काळजीपणाने गंभीर इजा वा मृत्यू झाल्यासंबंधीचे प्रकरण आयोगाने मध्यस्थीकडे पाठवू नये, असे 2020 चे मध्यस्थी नियमच सांगतात. भस्मांतील भेसळ किंवा 1954 च्या कायद्याने निषिद्ध केलेली चमत्कारी जाहिरात, हे समाजाविरुद्धचे अपराध आहेत. तेथे ‘आपसांत मिटवू’ ही भाषा शोभत नाही.

आमची सूचना

संघटनेने दोन कामे हाती घ्यावीत, असे आम्हांस वाटते. पहिले, वितरण, पुरवठा व भागीदारी यांसाठी जाणकार विधिज्ञाकडून आदर्श करारनामे मराठीत तयार करून घ्यावेत. त्यात प्रथम परस्पर चर्चा, नंतर उभयसंमत मध्यस्थ आणि शेवटी दोघांनाही सोयीचे न्यायालय, असा क्रम असावा. दुसरे, वैद्य-वैद्यांतील आणि वैद्य व पुरवठादार यांच्यातील वादांसाठी ज्येष्ठ, निःस्पृह मध्यस्थांची सूची ठेवावी. तिचा स्वीकार संपूर्णतः ऐच्छिक असावा.

रुग्णाच्या तक्रारी मात्र या सूचीपुढे आणू नयेत. कारण रुग्णाच्या दृष्टीने केवळ वैद्यांची परिषद उदासीन ठरू शकत नाही. त्याच्यासाठी आपण एवढेच करावे: सर्व चिकित्सेची नोंद नीट ठेवावी, मागितल्यास प्रत द्यावी, न केलेल्या उपचारांचे पैसे विनातक्रार परत करावेत आणि पत्रकावरील ती एकतर्फी वाक्ये आजच काढून टाकावीत. मैत्री व कारुण्य या वैद्यवृत्ती आहेत, असे आपण रुग्णास सांगतो. त्यांचा प्रत्यय त्यास पावतीच्या मागील बाजूवरही यावा.