फळ्यावरचा त्रिकोण

कथेचे तंत्र शिकवायची वेळ आली की वर्गात फळ्यावर एक त्रिकोण निघतो. डावीकडून चढण, वर टोक, उजवीकडे उतार. चढणीवर 'संघर्ष' लिहायचे, टोकावर 'परमोत्कर्ष' आणि उताराच्या पायथ्याशी 'शेवट'. हा त्रिकोण वहीत उतरवून घेऊन आपण परीक्षेत चार गुण मिळवतो, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण तोच त्रिकोण हातात धरून आपण कथा लिहायला बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यांच्या कथा तपासायला बसतो, याबद्दल मात्र आहे.

मुळात हा त्रिकोण कथेसाठी काढलेलाच नव्हता. गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाट्यतंत्रावर ग्रंथ लिहिला. त्याच्यासमोर होती ती ग्रीक नाटके, शेक्सपिअर, शिलर. म्हणजे पाच अंकांचा पसारा, राजे, सेनापती आणि त्यांचे अधःपतन. त्या मापाचा अंगरखा आठ पानांच्या कथेला घातला तर बाह्या लोंबणारच! आपल्या भरताच्या नाट्यशास्त्रातही कार्याच्या पाच अवस्था आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. त्याही नाटकाच्याच. पण त्यांतला 'प्राप्त्याशा' हा शब्द मला फार आवडतो. हवे ते मिळेल असे वाटू लागणे! तिथे तलवारी खणखणण्याची गरज नाही. कुणाला तरी काहीतरी हवे आहे आणि मधे काहीतरी आडवे येते आहे, एवढ्यावर कथा उभी राहू शकते. संघर्ष या शब्दाचा माझ्या लेखी एवढाच अर्थ आहे.

आपण मात्र संघर्ष म्हणजे भांडण असे समजून चालतो. यंदा वार्षिकासाठी आलेल्या कथांच्या छाननीत मी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसले होते. आलेल्या कथांपैकी निम्म्याहून अधिक कथांत शेवटच्या पानावर कुणीतरी मरते. बहुधा ट्रकखाली. पहिल्या पानावर तो ट्रक नसतो, त्याचा रस्ताही नसतो. लेखकाला टोक गाठायचे असते म्हणून तो येतो. अशा कथांपुढे शेऱ्याच्या रकान्यात 'संघर्ष चांगला' असे लिहिले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' घ्या. भीमा गावाकडून पोट भरायला मुंबईत आलेला, अंगाने दांडगा. खाणीत काम मिळते आणि एक दिवस ती खाणच बंद पडते. हताश होऊन फिरताना त्याला चितेच्या राखेत सोने सापडते, आणि मग राख चाळणे हाच त्याचा धंदा होतो. शेवटी एका रात्री तो पुरलेले प्रेत उकरायला जातो. तिथे कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. जीव वाचतो, पण बोटे जातात. आणि मग कळते, की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे.

त्रिकोणाच्या हिशेबाने कोल्ह्यांची झुंज हा परमोत्कर्ष. वाचताना अंगावर काटा येतो हे खरेच. पण एक प्रयोग करून पाहा. ती झुंज कथेतून काढून टाका. कथा जरा फिकी होईल, पण उभी राहील. आता शेवटची ती खाणीची बातमी काढा. कथा कोसळते! उरते ती केवळ एक भयकथा. कारण भीमाचा झगडा कोल्ह्यांशी नाहीच. जिवंत माणसांच्या जगात कष्टाला काम नाही आणि मेलेल्यांच्या राखेत भाकरी आहे, हा त्याचा पेच. काम पुन्हा मिळते ते काम करणारी बोटे गेल्यावर. आणि ही बातमी आकाशातून पडलेली नाही. खाण कथेच्या सुरुवातीलाच बंद पडलेली आहे. जे बंद पडले ते सुरू होऊ शकते, हे आपण कोल्ह्यांच्या नादात विसरलेलो असतो. रचना म्हणतात ती हीच. ट्रकवाल्या कथेत आणि या कथेत फरक आहे तो शेवटाच्या बीजाचा. शेवट किती भीषण, याचा त्याच्याशी संबंध नाही.

कुणी म्हणेल, इथे निदान झुंज तरी आहे. मग व्यंकटेश माडगूळकरांचा 'धर्मा रामोशी' आठवा. 'माणदेशी माणसं'मधला. म्हातारा धर्मा नेसायला म्हणून धोतर मागून नेतो, आणि ते धोतर शेवटी दिसते त्याच्या लेकीच्या अंगावर. कुणी कुणावर हात उगारत नाही, खलनायक नाही, ट्रक तर नाहीच. तरी ते धोतर दिसते त्या क्षणी आधीची सगळी पाने पुन्हा वाचावीशी वाटतात. म्हाताऱ्याची अब्रू आणि त्याची गरज यांची ओढाताण इतका वेळ चालली होती, आणि ती त्याने आपल्याला दिसू दिली नव्हती.

ना. सी. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली आले, त्यानंतर तंत्राचा बराच बोलबाला झाला. पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकरांच्या नवकथेने त्याला शह दिला. हे सर्व आपल्या अभ्यासक्रमात आहे, मी पुन्हा सांगत नाही. तंत्र टाकाऊ आहे असेही मी म्हणत नाही. मला नवल वाटते ते इतकेच, की नवकथेवर दहा गुणांचे उत्तर लिहिणारे आपण कथा निवडताना थेट नवकथेच्या आधी जाऊन बसतो.

यंदा एक कथा परत गेली. लेखिका प्रथम वर्षाची, दुष्काळी भागातून येणारी. गावात टँकर यायचा आहे. एक सून आणि तिची सासू पहाटेपासून घागरी रांगेत लावून बसल्या आहेत. दोघींचे आदल्या रात्रीपासून बोलणे बंद. टँकर येतो तेव्हा सासूला डुलकी लागलेली असते. सून तिला उठवत नाही. आधी सासूच्या घागरी भरते, मग स्वतःच्या, आणि शेवटची घागर अर्धीच भरते. बस्स, एवढीच कथा. शेरा होता: 'संघर्षाचा अभाव. कथानक नाही.'

उन्हात अर्धी घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईपाशी संघर्षाचा अभाव! सासूला उठवावे की नाही, हा तिचा पेच त्या चार पानांत तीनदा येतो आणि दर वेळी घागरी थोड्या पुढे सरकलेल्या असतात. याला चढण नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे? फक्त ती ओरडत नाही, म्हणून टोकाच्या जागी ती कुणाला सापडली नाही.

छाननीच्या छापील कागदावर 'संघर्ष आहे काय?' असा रकाना आहे. त्याऐवजी 'या माणसाला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही?' असा प्रश्न घालावा, अशी माझी संपादक मंडळाला सूचना आहे. आणि ती टँकरची कथा लेखिकेकडून परत मागवून पुढच्या अंकात छापावी, अशी विनंतीही. कथेची प्रत तिच्याकडे आहे. मी विचारून ठेवले आहे.