आरोपीचे हक्क हे गुन्हेगाराचे लाड नव्हेत

आरोपीला वकील कशाला, हा प्रश्न सोलापुरात तरी विचारला जाऊ नये. १९३० साली या शहराने लष्करी कायदा सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी धनशेट्टी, शिंदे, सारडा व कुर्बान हुसेन फासावर गेले. सत्तेने ज्याला गुन्हेगार ठरविले तो गुन्हेगारच असतो, असे नव्हे.

घटनेच्या २२ व्या कलमानुसार अटकेचे कारण सांगणे, वकील भेटू देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. भागलपूरच्या बंद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बजावले : गरीब आरोपीला पहिल्या हजेरीपासून मोफत वकील द्यावा आणि दंडाधिकाऱ्याने हा हक्क त्याला स्वतःहून सांगावा.

विडी कामगार स्त्रीच्या मुलाला रात्री उचलले, तर तिला हे ठाऊक असेल काय? नसेल, तर ते सांगणे कार्यकर्त्यांचे काम आहे.