तळघरातला कारभार

अण्वस्त्रांचा विषय वर्तमानपत्रांतून निघाला म्हणजे अस्त्रांचा पल्ला, त्यांची मारकशक्ती, प्रतिहल्ल्याची सिद्धता आणि शत्रूस बसणारा धाक यांचीच भाषा कानांवर येते. ती भाषा सेनापतींची आणि मुत्सद्द्यांची असल्यामुळे तीत पिठाची गिरणी, नळाचे पाणी, बाळंतिणीची खाट यांना जागा नसते, आणि म्हणून ज्या सामान्य माणसाच्या जिवावर हा सारा डाव मांडलेला आहे, त्यालाच तो आपल्या अखत्यारीबाहेरचा वाटत राहतो. हा समज मुळासकट उपटून टाकणारी एक नाट्यकृती ब्रिटनमध्ये २३ सप्टेंबर १९८४ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवरून दाखविली गेली. तिचे नाव ‘थ्रेड्स’. लेखक बॅरी हाइन्स, दिग्दर्शक मिक जॅक्सन. हाइन्स हे यॉर्कशरमधील एका खाणकामगाराचे चिरंजीव, आणि मंत्र्यासंत्र्यांच्या दालनांत न रमता त्यांनी आपली कथा शेफील्ड या पोलादाच्या शहरातील दोन साध्या कुटुंबांत मांडली, हेच तिचे पहिले मोठेपण.

रूथ आणि जिमी यांचे लग्न ठरते ते रूथला दिवस गेले म्हणून. दोघे मिळून नव्या घराच्या भिंती खरवडतात, व्याही एकमेकांस भेटतात, आणि याच काळात इराणवरून अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात पेटलेला तंटा दूरचित्रवाणीवरून आणि आकाशवाणीवरून, कोणाचे पुरते लक्ष नसताना, घराघरांत ऐकू येत असतो. शहराजवळ हवाई दलाचा तळ आहे, शहरात कारखाने आहेत. तेवढ्या कारणावरून शेफील्ड हे लक्ष्य ठरते. एके सकाळी साडेआठच्या सुमारास बाँब पडतो. जिमी रूथकडे म्हणून धावत सुटतो, आणि त्यानंतर तो कोणालाही दिसत नाही. त्याचे काय झाले हे लेखकाने अखेरपर्यंत सांगितलेले नाही. अशा संहारात बहुतेकांच्या आप्तांना ते कधीच कळणार नाही, हे ध्यानी घेता त्याचे मौन मला सर्वस्वी योग्य वाटते.

परंतु ज्या भागासाठी ही कृती प्रत्येक शासकीय अधिकाऱ्याने पाहावी असे मला मनापासून वाटते, तो भाग नगरभवनाच्या तळघरातला आहे. शांततेच्या काळी नगरपालिकेचा मुख्याधिकारी असलेला गृहस्थ पत्नीचा निरोप घेऊन तेथे येतो, आणीबाणीत सर्व मुलकी अधिकार त्याच्या हाती येतात, आणि धान्य, आरोग्य, वाहतूक, निवारा अशा एकेका खात्याचे अंमलदार आपापली दप्तरे, नकाशे आणि दूरध्वनी घेऊन त्याच्याभोवती बसतात. स्फोटाने वरची इमारत त्यांच्यावरच कोसळते व बाहेर पडण्याची वाट बुजते. तरीही कारभार चालूच राहतो. शिधा कोणाला किती द्यावा, जे जगणारच नाहीत त्यांच्यावर अन्न खर्च करावे की नाही, कोठाराच्या बंदोबस्तास माणसे कोठून आणावीत, याची खडाजंगी होते, आवाज चढतात, हुकूम सुटतात. हुकूम झेलणारे मात्र वर कोणी उरलेलेच नसते. ही माणसे दुष्ट नव्हेत, कामचुकार तर नव्हेतच. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत भेटावीत तशी ती आहेत, आणि म्हणूनच त्यांची धडपड पाहवत नाही. सुमारे महिन्याभराने सैनिक ढिगारा उपसून आत शिरतात तेव्हा सर्वजण गुदमरून मेलेले आढळतात.

एखाद्या शहराचा कारभार म्हणजे हजारो माणसांच्या कौशल्यांची एकमेकांत गुंतलेली वीण असून ती वीणच शहराला बळ देते आणि तीच त्याला कमकुवतही करते, हा विचार निवेदकाने आरंभीच, जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या दृश्यावर, मांडलेला आहे. त्याचा प्रत्यय बाँब पडल्यानंतरच्या भागात येतो. रुग्णालयात पाणी नाही, वीज नाही, भूल नाही. पैशाला किंमत नाही, आणि अन्न हेच एकमेव चलन झाल्यामुळे ज्याच्या ताब्यात कोठार त्याच्याच हाती राज्य जाते. रूथ एका कोठारात एकटीच बाळंत होते आणि मुलीची नाळ दातांनी तोडते. आगींच्या धुराने सूर्य झाकोळून थंडी पडेल, हे अनुमान शास्त्रज्ञांनी १९८३ च्या अखेरीस प्रसिद्ध केले होते; लेखकाने ते कथेत जसेच्या तसे उतरविले. इंधन संपलेले, कापणी हातांनी, आणि दहा वर्षांनी रूथ मरते ती डोळ्यांत मोतीबिंदू पडलेली, तरुण वयातच जख्ख झालेली. तिच्या मुलीच्या पिढीला धड वाक्य बोलता येत नाही. जुन्या चिंध्या उसवून त्यांतले धागे पुन्हा वापरण्यासाठी सोडवीत बसणे हे त्या मुलांचे काम. बाँबच्या ज्वाळेपेक्षा भाषेचा हा ऱ्हास मला अधिक भयंकर वाटला.

इतके भीषण चित्र लोकांपुढे ठेवू नये, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. १९६५ साली पीटर वॉटकिन्स यांनी याच विषयावर केलेला ‘द वॉर गेम’ हा चित्रपट बीबीसीने दूरचित्रवाणीवर दाखविण्यास नकार दिला. त्याला ऑस्कर मिळाले, तरीही ब्रिटिश प्रेक्षकांच्या घरी तो पोहोचला १९८५ मध्ये. मधल्या काळात, १९८० साली, सरकारने लोकांना एक पुस्तिका विकली, तीत दरवाजे भिंतीला तिरके लावून आडोसा करावा, चौदा दिवसांचे अन्नपाणी साठवावे, अशा सूचना होत्या. सत्य दडवून हे समाधान विकण्याला मी लोकांची दिशाभूलच म्हणेन. १९८३ साली अमेरिकेत याच विषयावरचा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट दाखविला गेला; तो पाहून आपण खिन्न झाल्याची नोंद खुद्द अध्यक्ष रेगन यांनी आपल्या रोजनिशीत केली. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातला १९८७ चा क्षेपणास्त्रबंदीचा तहनामा त्यामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण राज्यकर्त्यालाही हे पाहावे लागले, हे चांगलेच झाले.

आपल्या उपखंडाला हा विषय परका नाही. १९९८ पासून भारत आणि पाकिस्तान ही दोन्ही शेजारी राष्ट्रे उघडपणे अण्वस्त्रधारी आहेत. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार १९८८ च्या ३१ डिसेंबरला झाला आणि दर १ जानेवारीस अशा केंद्रांच्या याद्यांची देवघेव होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु शहरांना तशा कराराचे संरक्षण नाही. हवामानशास्त्रज्ञ ॲलन रोबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे दोन्ही देशांनी हिरोशिमाएवढे पन्नास-पन्नास बाँब शहरांवर टाकले तर पन्नास लाख टन काजळी वातावरणात चढून साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे सव्वा अंशाने उतरेल. हिशेब इतका स्पष्ट असताना ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावात भोंगे आणि अंधार यांपलीकडचा विचार सामान्य नागरिकापर्यंत कितपत पोहोचला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

म्हणून माझी विनंती आहे ती गावोगावच्या चित्रपट मंडळांना, महाविद्यालयांना आणि नाट्यसंस्थांना: ‘थ्रेड्स’ मराठी उपशीर्षकांसह दाखवा, आणि त्या प्रयोगाला जिल्हाधिकारी, आयुक्त व लोकप्रतिनिधी यांना अगत्यपूर्वक बोलवा. चित्रपट संपल्यावर त्यांना एवढेच विचारा की, अशा दिवशी आपल्या शहराला पाणी कोण देणार आहे.