पाठीवर पंप, कपाटात ज्ञान



गोष्ट १९७६ सालची, पाकिस्तानातली. मलेरियाच्या मोहिमेत ७,५०० फवारणी कामगार पाठीवर पंप घेऊन गावोगाव फिरत होते. त्यातल्या सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली. ५ जण मेले.

का मेले? आधी डीडीटी मारायचे. अंगावर सांडलं, कपडे भिजले तरी लगेच काही होत नसे. मग मॅलॅथिऑन आलं. औषध बदललं, पण कामाची रीत कुणी बदलून दिली नाही. त्यात काही माल बिघडलेला, आयसोमॅलॅथिऑन नावाचं जहाल विष त्यात तयार झालेलं. ते नाकातोंडातून नाही, कातडीतून आत गेलं. सप्टेंबरात जहाल माल बाजूला काढला, कामाची नीट रीत लावून दिली आणि विषबाधा थांबली.

म्हणजे शिकवता येत होतं. ५ मुडदे पडल्यावर सुचलं.

मी गोदीत ओझी वाहतो. मॅट्रिक झालोय म्हणून पिंपावरचं इंग्रजी अडखळत वाचतो. एकदा एक पिंप गळत होतं, वर कवटीचं चित्र. आमचा एक गडी त्यालाच टेकून भाकर खात बसलेला. मुकादम म्हणाला, काय होत नाय रे, पाण्यानं धू. म्हणून पाकिस्तानातले ते ५ जण मला परके वाटत नाहीत.

आता आपल्या वस्तीत या. पावसाळ्यात धूरवाला येतो. पोरं धुरामागं पळतात, साहेबांचा फोटो निघतो. दोन दिवसांनी डास पुन्हा हजर. कारण धूर मारतो तो उडता डास. पाण्यातली अळी वळवळतच असते, आठ-दहा दिवसांत तिचा डास होतो.

आणि सगळे डास गटारातलेच, हे कुणी सांगितलं? हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यातला, कबूल. पण शहरात मलेरिया पसरवणारा स्टीफेन्सी विहिरीत आणि टॉवरच्या गच्चीवरच्या टाकीत वाढतो, स्वच्छ पाण्यात. डेंग्यूचा एडिस पिंपात, टायरात, कुंडीखालच्या ताटलीत. त्याची अंडी कोरड्या पिंपाला महिनोन्महिने चिकटून राहतात. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, घासावं लागतं. आणि वस्तीत पिंपं भरून का ठेवतात? नळाला तासभर पाणी येतं म्हणून. दंडाची पावती फाडणाऱ्यानं आधी नळाकडं बघावं.

हे सगळं ओळखून काम करणं म्हणजेच एकात्मिक डास नियंत्रण. आधी पाणी शोधा. खड्डा बुजवा, टाकीला झाकण घाला. जिथं बुजवता येत नाही तिथं गप्पी मासे सोडा, अळी मारणारे जिवाणू टाका. विष शेवटी, मोजून. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या नडियाद भागात १९८३ पासून हाच रस्ता धरला होता.

यात असं काय आहे जे पंपवाल्याच्या डोक्यात शिरणार नाही? पाण्याला समांतर पडलेली अळी मलेरियाच्या डासाची, डोकं खाली करून लटकलेली दुसऱ्यांची. पळीभर पाणी घ्या आणि बघा. पण भिंग साहेबाच्या कपाटात आणि गटार आमच्या वाट्याला. एकानं विचार करायचा, दुसऱ्यानं वास घ्यायचा. ही वाटणी आम्ही ओळखतो, ती मनूइतकी जुनी आहे.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. प्रत्येक फवारणी कामगाराला, कंत्राटी असला तरी, भरपगारी प्रशिक्षण द्या. मराठीत द्या, आणि वर्गात नाही, टाकीवर नेऊन द्या. हातमोजे, बूट आणि धुवायला साबण-पाणी द्या. मॅलॅथिऑनसारखी विषं हाताळणाऱ्याचं रक्त वेळोवेळी तपासा. शिकलेल्याला बढती द्या. आणि कुठं विष मारायचं नाही, हे सांगायचा हक्क त्याला द्या.

फवारणीवाल्या भावांनो, उद्या पंप उचलायच्या आधी एकच विचारा: या डब्यात काय आहे? उत्तर मिळेस्तोवर पंप खाली ठेवा.

जय भीम!