थेंबाचे व्हाउचर

संगणकाने काढलेला आकडा खोटा नसतो असे जे मानतात, त्यांनी कधी बँकेत नोकरी केलेली नसते.

पोळ्याच्या सुट्टीत भाचा गोंदियाला आला. अभियांत्रिकीला आहे. लॅपटॉप उघडून म्हणाला, "मामाजी, धानाच्या पानावर औषधाचा थेंब कसा पडतो ते पाहा." पडद्यावर निळा थेंब पडला आणि पत्रावळीवरच्या वरणासारखा ऐसपैस पसरला.

"थेंबाला कोणी सांगितलं पसरायला?"

"कडेला थेंब पानाशी किती अंशांचा कोन करतो, तो आपणच भरायचा. मी काचेचा भरलाय."

माझ्यातला कॉमर्सचा पदवीधर ताडकन उठला. व्हाउचर काचेचे आणि नोंद धानाच्या खाती? आमच्याकडे यावर मेमो मिळतो!

थॉमस यंगने 1805 सालीच सांगून ठेवले आहे की हा कोन द्रव आणि घन या जोडीवर ठरतो. स्वच्छ काचेवर तो लहान, पाणी पसरते. धानाचे पान मेणचट, बारीक खडबडीत; तिथे तो दीडशे अंशांच्या घरात. थेंब मोत्यासारखा उभा राहतो आणि पानाच्या लांबीने घरंगळत थेट बांधीत! त्यातही थेंब पुढे सरकताना कोन मोठा, मागे हटताना लहान. याचे मला नवल वाटले नाही. कर्ज घेताना आणि फेडताना माणसाचा तरी कोन एक कुठे असतो?

संगणकाशी माझे वैर नाही. पृष्ठताणाचे गणित तो माझ्या सात पिढ्यांपेक्षा चांगले करतो. भांडण आहे ते उसन्या कोनावर रंगीत चित्रे काढून शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्यांशी. आमचा एक खातेदार ग ची बाधा न होता सांगतो, "साहेब, पान भिजतच नाही जी. फवाऱ्यात स्टिकर टाकाच लागते." स्टिकरने पृष्ठताण उतरतो, कोन घटतो, थेंब टिकतो. न टिकलेल्या थेंबात त्याचे पीककर्ज असते, आणि ते विषासकट बांधीतून बोडीत, बोडीतून मासोळीच्या पोटात जाते. त्या खात्याची वसुली कोण करणार?

दुसऱ्या दिवशी भाचा ड्रॉपर घेऊन धुऱ्यावर आडवा झाला आणि मोबाइलने थेंबांचे बाजूने फोटो काढू लागला. आधी साध्या पाण्याचे, मग स्टिकरच्या. घरी आला तो नखशिखान्त चिखलात.

ताई माझ्यावर कडाडली. मी मात्र त्याचे व्हाउचर पास केले.