ट्रॅक्टरवाली की इंजिनवाली?

"साब, लकडी फाडने की मशीन लेनी है. ट्रॅक्टरवाली लूँ या इंजनवाली?"

सप्टेंबर महिना होता आणि मी सिकंदराबादला पोस्टिंगवर होतो. फोन करणारा मित्र बारामुल्ल्याचा, जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. घरची सफरचंदाची बाग आहे, ट्रॅक्टर आहे. मी ईएमईचा माणूस, आयुष्य इंजिनांच्या पोटात हात घालण्यात गेलेलं. म्हणून सल्ला मला विचारला.

आपल्याकडे सरपण म्हणजे चुलीपुरत्या काटक्या. काश्मीरमध्ये तसं नाही. तिथे अनेक घरांत हमाम असतो. हमाम म्हणजे दगडी फरशीची खोली, जिच्याखाली लाकडं जाळतात. फरशी तापते आणि घर त्या खोलीत हिवाळा काढतं. शिवाय बुखारी असते, तिला बारीक फोडलेलं लाकूड लागतं. 21 डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो, तो कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ. त्याआधी सरपण फोडून, वाळवून, रचून ठेवावं लागतं. माझा मित्र साठीकडे झुकलेला. कुऱ्हाडीने खांदा गेला होता, म्हणून यंत्र हवं होतं.

दोन्ही यंत्रांचं काम सारखंच. पंप तेलाला दाब देतो, सिलिंडरचा दांडा पुढे येतो आणि ओंडका पाचरीवर दाबला जाऊन उभा चिरतो. 100 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि 175 बार दाब असला की जोर सुमारे 14 टन होतो. गाठीचा ओंडकासुद्धा त्यापुढे फार टिकत नाही. फरक एवढाच की पंप कोण फिरवतं. एकात ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, दुसऱ्यात यंत्रावरच बसवलेलं सहा-सात अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन.

मी मिस्त्रीसारखा हिशेब केला. ट्रॅक्टर घरात आहेच, मग दुसऱ्या इंजिनाचे पैसे कशाला? वर्षातले दहा महिने उभं राहिलेलं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर बिघडतं. पेट्रोल सुकून कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतं. त्यातून खोऱ्यात 1600 मीटर उंचीवर हवा विरळ, म्हणजे लहान पेट्रोल इंजिनाची साधारण 15 टक्के ताकद तिथेच गेली. "ट्रॅक्टरवाली लो," मी सांगितलं आणि फोन ठेवला.

हिशेबात एक चूक नव्हती. तरी सल्ला चुकला.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टर सफरचंदाच्या पेट्या वाहत होता. स्वतःच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या. लाकूड फोडायला तो मोकळा झाला नोव्हेंबरच्या अखेरीस. तोवर डोंगरावर बर्फ दिसू लागला होता, म्हणजे घाई. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण ग्रीस भरायला काढलं होतं, ते परत बसवायचं राहिलं. आणि थंडी पडली म्हणजे अंगावर फेरन आलं. गुडघ्याखाली येणारा तो ढगळ लोकरी अंगरखा. आत कांगडी धरायची तर माणूस हात आत ओढून घेतो आणि रिकामी बाही बाहेर लोंबत राहते.

मित्राचा पुतण्या ओंडके सरकवत होता. त्याची रिकामी बाही शाफ्टला लागली. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. "अरे" म्हणायच्या आत बाही गुंडाळली गेली आणि पोरगं शाफ्टवर ओढलं गेलं. मित्राने लीव्हर सोडला, पाचरीपुढचा ओंडका थांबला, पण शाफ्ट थांबला नाही. तो बंद करायची सोय ट्रॅक्टरच्या सीटजवळ. धावत तिथे पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालं. फेरन जुनं होतं, फाटलं, म्हणून जीव वाचला. हात आत होता, म्हणून हात वाचला. हासळीचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या.

मित्राने मला दोष दिला नाही. "किस्मत अच्छी थी, साब," एवढंच म्हणाला. पण त्याला मी अश्वशक्ती विचारली होती, डिझेल विचारलं होतं. लाकूड कोणत्या महिन्यात फोडणार आणि तेव्हा अंगावर काय असेल, हे विचारलं नव्हतं. तीन हिवाळे तिथे काढून, रोज फेरन बघूनसुद्धा.

म्हणून आता माझं मत स्पष्ट आहे. थंड मुलुखात, ढगळ कपड्यांत, घरच्या पोरांना हाताशी घेऊन काम करायचं असेल तर स्वतःचं इंजिन असलेलं यंत्र घ्या. त्याचा पंप इंजिनाला जवळच जोडलेला असतो, उघडा लांब शाफ्ट नसतो. बंद करायचं बटण हाताच्या अंतरावर असतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट, ते सफरचंदाची वाट बघत नाही. सवड मिळेल तेव्हा, उन्हात, घाई न करता काम होतं. पैसे जास्त जातात हे खरं, तर चार घरांनी मिळून घ्या. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

काही जण म्हणतील, आवरण बसवलं असतं तर ट्रॅक्टरवालंही चाललं असतं. बरोबर आहे. पण मी जितकी वर्कशॉप पाहिली, तिथे सर्वांत आधी निघतं ते आवरण आणि सर्वांत शेवटी बसतं तेही आवरणच. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरवालं आहेच, त्यांनी बागेची छाटणी झाल्यावर मार्चमध्ये ओली लाकडं फोडावीत. तेव्हा ट्रॅक्टरला पेट्यांची घाई नसते आणि लाकूड उन्हाळाभर वाळतं. थंडी असतेच, म्हणून शाफ्टजवळ जाणाऱ्याने फेरन उतरवून अंगासरशी स्वेटर घालावा आणि एक माणूस ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेला असावा.

गावाकडच्या माजी सैनिक बंधूंनो, हे काश्मीरचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या मळणी यंत्रालाही तोच शाफ्ट असतो, आणि आपल्याकडे फेरन नसलं तरी पदर असतो, उपरणं असतं. आज घरी गेल्यावर एकदा आवरण जागेवर आहे का ते बघा.

पुतण्या बरा झाला. या वर्षी मित्राने आणि शेजारच्या तिघांनी मिळून इंजिनवालं यंत्र घेतलं. फोटो पाठवला होता. ऑगस्टचं ऊन, ओंडक्यांची रास, आणि पोरगं अर्ध्या बाहीच्या शर्टात.

जय हिंद!